फाळक्यावरची जागा

धुलाईखान्याच्या मागच्या गल्लीत त्या दिवशी सकाळी चादरी कमी आणि माणसं जास्त होती. इस्त्रीवाल्या बाया इस्त्र्या बंद करून आल्या होत्या. बॉयलरवाला काळ्या हातांनीच आला होता. पोरं पाण्याच्या टाकीवर चढून बसली होती. एरवी कुणी पाणी प्यायला गेलं तरी घड्याळ बघणारा मुकादम आज स्वतःच पोट पुढे काढून पहिल्या रांगेत उभा होता. आणि सगळ्यांच्या मधोमध तीनचाकी. पुढून मोटरसायकल, मागून दोन चाकांवरचा पत्र्याचा हौदा. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या मळक्या चादरी आणायच्या आणि धुतलेल्या पोचवायच्या, एवढंच बिचारीचं आयुष्य. पण आज ती कोर्टात साक्षीला आणल्यासारखी दिसत होती, कारण तिच्या हँडलला महाराजांनी काळा दोरा बांधला होता.

"हे लोखंड नाही," महाराज म्हणाले. "ही जीभ आहे. माणूस खोटं बोलेल, लोखंड बोलणार नाही. निर्दोष माणूस बसला की गाडी गाईसारखी चालेल. ज्याच्या अंगात खोट, तो बसला की हँडल थरथरेल. मी काही करत नाही बाबांनो. मी फक्त ऐकतो."

फक्त ऐकायला आलेला हा माणूस मघापासून एकटाच बोलत होता, हे भिंगरीच्या ध्यानात आलं. पण ती गाडीवर बसली होती, हँडल तिच्या हातात होतं, आणि घरातून निघताना आप्पांनी, तिच्या वडिलांनी, बजावलं होतं, आज तोंड उघडलंस तर माझ्याशी गाठ आहे.

भिंगरी हे तिचं खरं नाव नव्हे. एका जागी बूड टेकत नाही म्हणून काकूनं ठेवलेलं. शाळेतही ते टेकलं नाही. एका मास्तरांशी भांडून ती बाहेर पडली ती परत गेलीच नाही. त्या दिवशी घरात सगळे तिच्यावर ओरडले होते, फक्त काकूनं ताट वाढून विचारलं होतं, "भांडण तुझं बरोबर होतं का? मग जेव." आई नव्हतीच भिंगरीला. जे काय होतं ते काकूच होती.

आणि आज त्याच काकूला गुन्हेगार ठरवायला ही जत्रा जमली होती.

झालं होतं असं. काही दिवसांपूर्वी उतारावर तीनचाकीचं हँडल आपोआप डावी-उजवीकडे झटके द्यायला लागलं. दादा, म्हणजे भिंगरीचा मोठा भाऊ, गाडी चालवत होता. त्याला ते आवरलं नाही. गाडी भिंतीवर गेली आणि दादाचा खांदा मोडला. काकू मागे फाळक्यावर, म्हणजे हौद्याच्या अगदी मागच्या फळीवर बसली होती, ती उडी मारून सुटली, अंगावर ओरखडासुद्धा नाही. लोकांना तेवढं पुरतं. आधी कुणीतरी हळूच म्हणालं, मग मोठ्यानं, की काकू बसली की हँडल हलतं. वाईट गोष्ट अशी की ते खरंच होतं. दादा एकटा असला की गाडी शहाणी. मुकादम बसून गेला तरी शहाणी. काकू बसली की थरथर. तरुणपणी नवरा गेलेली, मूलबाळ नसलेली, कुणाचं ऐकून न घेणारी बाई. पांढऱ्या पायाची म्हणायला गल्लीला आणखी काय लागतं?

महाराज मग दुसऱ्याच दिवशी हजर. आले कसे, हे कुणी विचारलं नाही. याच महाराजांना मागे काकूनं दारातून हाकललं होतं. वहिनी, दादाची बायको, पोटुशी होती. महाराज तिच्या पोटावर दोरा बांधायला आले होते. काकू म्हणाली, माझ्या सुनेच्या अंगाला हात लावायचा नाही. ते हसून पुढे सरकले, तेव्हा काकूनं हातातल्या ओल्या चादरीचा असा फटका दिला की महाराजांची टोपी गटारात. गल्ली हसली होती. महाराज हसले नव्हते.

"पहिला मुकादम," महाराजांनी काठी उगारली. "बस. इथे, पोरीच्या पाठीला पाठ लावून."

मुकादम हौद्यात चढला. तीनचाकी कण्हली. भिंगरीनं गेटापासून टाकीपर्यंत आणि टाकीपासून गेटापर्यंत गाडी पळवली. हँडल ढिम्म हललं नाही. लोकांनी सुस्कारा सोडला, जसा काही मुकादम फाशीवरून उतरला.

"आता तू, बाई. हो, तूच. तिथेच बस."

इस्त्रीवाल्यांतली सगळ्यात आडवी बाई बसली. काही नाही. बॉयलरवाला बसला. काही नाही. भिंगरीच्या हातात हँडल असं पडून होतं जसं दुपारचं झोपलेलं मांजर.

"आता ती."

काकू पुढे आली. काडीसारखी बाई. त्या तिघांतल्या कुणाचाही एक पाय तिच्याहून जड भरला असता. तीही त्या तिघांसारखी पुढे बसायला गेली, पण महाराजांनी काठी आडवी घातली.

"तिथे नाही. तुझी रोजची जागा घे. फाळक्यावर. आणि तोंड मागे कर, तुझी नजर पुढच्या चाकावर पडता कामा नये. आणि ही कळशी मांडीवर धर. मंतरलेलं पाणी आहे. सांडलंस तर तुझं तू बघ."

महाराजांच्या चेल्यानं पितळेची कळशी दोन्ही हातांनी उचलून आणली. तोंडाला काळं फडकं घट्ट बांधलेलं. काकूच्या मांडीवर ठेवली तेव्हा तिचे गुडघे खाली गेले.

"अगंबाई, जड आहे ही."

"पापाला वजन असतं," महाराज म्हणाले.

"मग मघापासून तुमचा चेलाच उचलतोय की. त्याचंच असेल."

टाकीवरची पोरं खिदळली. आप्पांनी वळून बघितलं तशी गप्प झाली.

भिंगरीनं गिअर टाकला. गाडी निघाली, वेग आला, आणि गल्लीच्या मध्यावर तिच्या तळव्यांना काहीतरी विचित्र कळलं. हँडल हलकं झालं. कुणी पुढचं चाक दोन बोटांनी उचलून धरल्यासारखं. आणि मग ते सुरू झालं. आधी गुदगुल्या, मग झटके. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. आरसा खडखडायला लागला, काळा दोरा नाचायला लागला, तिचे कोपर मनगटाचं ऐकेनात. तिनं कसाबसा वेग सोडला. गाडी हळू झाली, थरथर थांबली.

गल्लीतली माणसं भिंतीत शिरायची तेवढी बाकी होती.

"पोरी," महाराज लांबूनच म्हणाले. आवाज असा गोड की मुंग्या लागाव्यात. "तू तिची लाडकी. तूच सांग. हँडल हललं की नाही?"

भिंगरीला खोटं बोलता येत नव्हतं असं नाही. पण सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं, आणि तिच्या हातांना अजून मुंग्या येत होत्या.

"हललं," ती म्हणाली.

"ऐकलंत? घरच्याच तोंडून." महाराजांनी डोळे मिटले. "सूर्य मावळायच्या आत ही बाई घराबाहेर गेली पाहिजे. नाहीतर त्या घरात जे मूल यायचंय..."

वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. अर्धं वाक्य पुरं करायचं काम लोक फुकटात करतात, हे त्यांना चांगलं माहीत होतं. दारात उभ्या असलेल्या वहिनीनं दोन्ही हात पोटावर धरले.

*

घर म्हणजे धुलाईखान्याच्या कुंपणाला लागून एक खोली आणि एक पडवी. काकूनं पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढली आणि साड्या भरायला घेतल्या. कुणी तिला अडवलं नाही. दादा खांद्याला झोळी अडकवून भिंतीकडे तोंड करून पडला होता. आप्पा उंबऱ्यावर बसून विडी न पेटवताच ओढत होते.

"आप्पा, तुम्ही काहीतरी बोला," भिंगरी म्हणाली.

"मी काय बोलू? सगळ्या गल्लीनं बघितलं."

"गल्लीनं बघितलं हँडल हलताना. काकूनं हलवलं असं कुणी बघितलं?"

"ती मागे बसलेली असताना कशी हलवेल? म्हणून तर..." आप्पा थांबले. "त्या पोराचा विचार कर. माझा नातू आहे तो."

"माझाही कुणीतरी होणारच आहे की. आणि काकूनं तुमच्या दोन पोरांची हगमूत काढली तेव्हा नाही का काही झालं आम्हाला?"

"भिंगरे, पुरे," काकू म्हणाली. साडीची घडी घालता घालता तिचे हात थांबले. "मला एक खरं सांग. हँडल हललं ना गं?"

"हललं."

"दादाच्या वेळीही हललं. मी बसते तेव्हाच हलतं." ती पुन्हा घडी घालायला लागली. "खरं असेल मग. माणसाला स्वतःला कुठे कळतं, आपल्यात काय आहे ते?"

महाराजांच्या सगळ्या बडबडीनं भिंगरीला जेवढा राग आला नव्हता, तेवढा या वाक्यानं आला. चादरीच्या फटक्यानं टोपी उडवणारी बाई अशी बोलते. तिला वाटलं, ट्रंक उचलून गटारात फेकावी. तिनं ट्रंकेला लाथ मारली, अंगठा ठेचून घेतला, आणि तशीच लंगडत बाहेर पडून गाडीला किक मारली.

गल्लीतून एकटीच गेली, त्याच वेगानं. हँडल गप्प. परत वळून आली. गप्प.

"काय गं, बोल ना आता," ती हँडलला म्हणाली. "सकाळी तर लई जीभ आली होती तुला."

मग तिनं तळहाताकडे बघितलं. सकाळी थरथर सुरू व्हायच्या आधी काय झालं होतं? हँडल हलकं झालं होतं. ते आधी. थरथर नंतर. भूत बसलं तर गाडी हलकी कशी होईल? आणि तीही पुढून?

ती मिस्त्रीच्या गॅरेजात गेली. गल्लीच्या तोंडाशीच होतं ते, पत्र्याच्या शेडमध्ये. मिस्त्री तिला बघून उगाचच एका डब्यात काहीतरी शोधायला लागला. शटरच्या कडीला काळा दोरा होता.

"पुढचं चाक उचलून दे," भिंगरी म्हणाली.

"आज वेळ नाही."

"सकाळी गल्लीत तमाशा बघायला होता की."

मिस्त्रीनं तिच्याकडे बघितलं, गल्लीकडे बघितलं, आणि इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा सारून पुढचं चाक अधांतरी केलं. मग त्यानं चाकाचा चिमटा खालून दोन्ही हातांनी धरला आणि पुढे-मागे ढकलला. हँडलच्या खाली, जिथे चिमटा गाडीच्या मानेत बसतो, तिथून आवाज आला. खट. खट.

"हे काय आहे?"

"मानेतले छर्रे. घासलेत, आणि वरचा नट सैल झालाय. हँडल नीट धरून बसत नाही."

"मग एकटी असताना का नाही हलत?"

"वजन असतं ना पुढे. वजन पडलं की चाक रस्त्याला दाबून राहतं, सैलपणा कळत नाही. मागे फाळक्यावर ओझं टाकलं की गाडी मागे कलते, पुढचं चाक उचलल्यासारखं होतं. मग त्याला धरायला कोण? लागतं फडफडायला. फाळका तर मागच्या चाकांच्याही मागे आहे. तिथलं थोडं ओझंही फार होतं."

भिंगरीनं वळून फाळक्याकडे बघितलं. काकू फाळक्यावर बसायची ते तिची कामाची जागा म्हणून. प्रत्येक दाराशी गाडी पुरती थांबायच्या आत उडी मारून गठ्ठा पोचवायचा, म्हणून ती नेहमी सगळ्यात मागे. आणि आधी उतरवायचे गठ्ठेही तिच्याचजवळ, मागेच रचलेले. बाकी कुणाला घाई नसायची. बाकी सगळे पुढे, चालवणाऱ्याच्या पाठीशी टेकून बसायचे. मुकादमही.

आणि सकाळीही. तिघे पुढे. काकू मागे, मांडीवर कळशी.

"त्याला माहीत आहे हे," ती म्हणाली. "महाराजाला."

मिस्त्रीनं आवाज खाली आणला. "दाढी वाढवायच्या आधी तो अशीच तीनचाकी चालवायचा. विटा वाहायचा. इथेच यायचा दुरुस्तीला."

"आणि तू सकाळी तोंड शिवून उभा होतास."

"माझं दुकान याच गल्लीत आहे गं. लोक म्हणतात, महाराजांचा शब्द पडला की गिऱ्हाईक..."

"काकूनं तुझ्या पोराला ताप होता तेव्हा बर्फ आणून दिला होता."

मिस्त्रीनं पाना उचलला. "आण, नट आवळून देतो. पुन्हा हलणार नाही. गुपचूप मिटेल सगळं."

भिंगरी पाना बघत राहिली. आवळला की हँडल गप्प होणार, आणि गल्ली म्हणणार, बघा, काकू गेली आणि गाडी शांत झाली. महाराजांनी सांगितलं तसंच.

"हात लावू नकोस," ती म्हणाली. "अजून एकदा हलू दे."

*

संध्याकाळी काकू ट्रंक घेऊन गेटाशी उभी होती तेव्हा गल्ली पुन्हा भरली होती. एखाद्याला हाकलायचं असलं की लोक वेळेवर येतात. महाराज खुर्ची टाकून बसले होते, शेजारी कळशी. भिंगरीनं तीनचाकी आणून त्यांच्यासमोर उभी केली आणि खाली उतरली.

"महाराज, लोखंड खोटं बोलत नाही म्हणालात ना?"

"बोलत नाही."

"मग जाता जाता आणखी एकदा बोलू दे. मी चालवणार नाही, नाहीतर म्हणाल मी काकूची म्हणून काहीतरी केलं. आप्पा चालवतील."

आप्पांनी मान हलवून नको म्हटलं. पण काकूची ट्रंक त्यांच्या पायाशीच होती, आणि तिच्याकडे न बघता उभं राहणं त्यांना जड जात होतं. ते गाडीवर बसले.

"गाडीचा कौल एकदाच," महाराज म्हणाले. "ज्याच्या मनात शंका, त्याच्या..."

"मुकादम, सकाळी तुम्ही निर्दोष ठरलात," भिंगरी म्हणाली. "परत बसायला भीती वाटते का?"

"भीती? मला?" मुकादमानं शर्ट खाली ओढला. "हट्."

"मग बसा. फाळक्यावर बसा, काकूच्या जागी."

"तिथे नको," महाराज पटकन म्हणाले.

गल्ली त्यांच्याकडे बघायला लागली.

"ती जागा बाटलेली आहे," त्यांनी सावरून घेतलं.

"म्हणजे दोष जागेचा आहे," भिंगरी म्हणाली. "मग काकूला का हाकलताय? फाळका हाकला."

कुणीतरी हसलं. महाराजांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण मुकादम तोवर फाळक्यावर जाऊन बसला होता. माघार घेतली तर गल्ली काय म्हणेल, हे भूतबाधेपेक्षा त्याला जास्त झोंबणारं होतं. फाळका वाकला. भिंगरीनं काकूचा हात धरून तिला बॉयलरच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि बाहेरून कडी घातली.

"आता हिची नजरही नको," ती म्हणाली. "आप्पा, चला."

गाडी निघाली. निम्म्या गल्लीतच आप्पांचे कोपर उडायला लागले. आरसा खडखडला. दोरा नाचला. सकाळपेक्षा जास्त, कारण मुकादम काकूच्या दुप्पट तरी होता. आप्पांनी वेग सोडला आणि गाडी थांबवून हातांकडे बघत बसले.

"शिरलं," महाराज खुर्चीवरून उठले. "बघा, तिच्यातून निघून याच्यात शिरलं."

फाळक्याजवळची माणसं मागे सरकली. मुकादमाचा चेहरा लाल झाला.

"कुणात शिरलं? माझ्यात? जीभ सांभाळ, महाराज. मी या गल्लीत..."

"मुकादम, उतरू नका," भिंगरी म्हणाली. "नुसते पुढे सरका. तसेच, बसल्या बसल्या. आप्पांच्या पाठीपर्यंत."

मुकादम बूड घासत पुढे सरकला. सगळी गल्ली त्या बुडाकडे बघत होती. आयुष्यात त्याला एवढा मान मिळाला नसेल. आप्पा पुन्हा निघाले. टाकीपर्यंत गेले, परत आले. हँडल ढिम्म.

"तोच माणूस," भिंगरी म्हणाली. "तेच भूत. हातभर पुढे सरकला आणि शांत झाला. कसं काय महाराज, पिशाच्चाला मागची सीट आवडते का?"

आता हसणारे बरेच होते. भिंगरी थांबली नाही. पाण्याच्या टाकीशी निथळत ठेवलेला ओल्या चादरींचा गठ्ठा तिनं ओढत आणला, इस्त्रीवाल्या आडव्या बाईनं एक टोक धरलं, आणि दोघींनी तो फाळक्यावर चढवला. मुकादमाला खाली उतरवलं.

"आता गाडीत आप्पा आणि दवाखान्याच्या चादरी. बघूया चादरींनी काय पाप केलंय."

आप्पा निघाले. हँडल थरथरलं.

या खेपेला भिंतीत कुणीच शिरलं नाही. माणसं पुढे आली, हँडलजवळ वाकून बघायला लागली. आप्पा उतरले नाहीत. त्यांनी स्वतःच गठ्ठा फाळक्यावरून खेचून पुढे घेतला, पुन्हा एक फेरी मारली, आणि गाडी शांत चालली. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

महाराज चेल्याला कळशी उचलायची खूण करत होते. भिंगरीनं ती बघितली.

"मंतरलेलं पाणी ना? तहान लागलीय मला."

चेल्याच्या आधी तिचा हात कळशीवर पडला. दोघांच्या ओढाताणीत फडकं सुटलं आणि कळशी आडवी झाली. पाणी एक थेंब नाही. वाळू सांडली, आणि वाळूतून शिशाचे जाड तुकडे घरंगळत मुकादमाच्या चपलेपर्यंत गेले. बॉयलरवाल्यानं एक उचलून हातात तोलला.

"पापाला वजन असतं म्हणे," तो म्हणाला.

महाराज काहीतरी शाप देत होते, पण गेटाकडे चालत चालत. चालता चालता दिलेला शाप कुणी फारसा मनावर घेत नाही. त्यांची खुर्ची तिथेच राहिली. तिच्यावर एक टाकीवरचं पोरगं येऊन बसलं.

आणि मग सुरू झालं ते भिंगरीला महाराजांपेक्षा जास्त खुपलं. मला आधीच शंका होती. तरी मी म्हणत होतेच. त्याचे डोळेच तसे. सकाळी भिंतीला चिकटलेली तोंडं आता अशी चुरूचुरू बोलत होती.

"गप्प बसा," ती म्हणाली, आणि आवाज फुटला तिचा. "कुणाला काही शंका नव्हती. मला पण नव्हती. हँडल हलतं हे खरं, काकू बसली की हलतं हे पण खरं, म्हणून आपण सगळे पुढचं खोटं गिळून बसलो. एकानं विचारलं नाही की ती बसते कुठे. एकानं म्हटलं नाही की तिथे दुसऱ्याला बसवून बघू. सोपं होतं एवढं. एक माणूस मागे, तोच माणूस पुढे. याला शाळा लागत नाही, मी तर सोडलीय. मानेतला नट सैल होता, आणि त्याच्यापायी तुम्ही एका बाईला रस्त्यावर काढत होता."

"नट सैल आहे," गर्दीमागून आवाज आला. मिस्त्री पुढे आला. हातात पाना होता, बहुतेक बराच वेळ. "छर्रेही बदलायला हवेत. मी ते करतो."

बॉयलरच्या खोलीची कडी कुणीतरी काढली होती. काकू दारात उभी होती.

"तुला कधी कळलं हे?" तिनं मिस्त्रीला विचारलं.

"सकाळी. गाडी हलली तेव्हाच."

"आणि कुठे होतास सकाळी?"

मिस्त्रीनं खाली बघितलं. "इथेच होतो. मुकादमाच्या मागे."

काकूनं त्याच्याकडे पाठ फिरवली. चालत गेटाशी आली आणि ट्रंकेवर बसली. आप्पा तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"चल घरात," ते म्हणाले.

"मी माझ्या मनानं बाहेर पडले नाही, आप्पा."

"माहीत आहे."

"मग ट्रंक मी नाही उचलणार."

ती उठून बाजूला झाली. आप्पांनी वाकून ट्रंक खांद्यावर घेतली. जड होती, सगळा संसार होता तिच्यात. सगळ्या गल्लीसमोरून ते ती घेऊन गेले, आणि दारातली वहिनी त्यांना वाट द्यायला सरकली, मग काकूकडे गेली आणि तिचा हात धरला.

*

मिस्त्रीनं नवे छर्रे घातले, नट आवळला, चिमटा धरून पुढे-मागे ढकलला. आवाज नाही. मग काकू फाळक्यावर बसली, तिच्याजवळ चादरींचे गठ्ठे, आणि भिंगरीनं गाडी त्याच उतारावरून खाली नेली जिथे दादा पडला होता. तळवे हँडलवर घट्ट. वेग आला. हँडल सरळ राहिलं.

"भिंगरे," मागून काकू ओरडली, "हललं का?"

"नाही."

"नीट बघून सांग. उगाच माझं मन राखायला सांगू नकोस."

"नाही हललं. पण मिस्त्री म्हणालाय, गठ्ठे पुढे रचायचे. आणि तू पण जरा पुढे सरक."

काकू सरकली. सरकताना पुटपुटत होती की बसायच्या जागेची एवढी चौकशी तिच्या लग्नातसुद्धा कुणी केली नव्हती.

तेवढी चौकशी आधीच झाली असती तर? महाराज काही एकच नाही. त्या गटारातली टोपी धुऊन तो दुसऱ्या गल्लीत गेला असेल, तिथेही कुणाचं काहीतरी हलत असेल, आणि तिथेही कुणीतरी एकटी बाई असेल. कुणी म्हणालं की अमकीमुळे तमकं झालं, तर चिडायच्या आधी, घाबरायच्या आधी, तिची ट्रंक बाहेर काढायच्या आधी एवढं विचारा: ती बसली होती कुठे? तिच्या जागी दुसऱ्याला बसवून बघितलं का? आणि जो कुणी म्हणेल की तिथे नको, त्याची कळशी उघडून बघा.